सॅक्सच्या रांगेतली चौथी खुर्ची

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

रेकॉर्डिंग ऐकलं. आल्टो आणि टेनर सॅक्स झकास वाजतायत, क्लॅरिनेटवालाही पक्का आहे. तुझी स्टील गिटार सुरात आहे, तरी चौघांचा मिळून एक आवाज होत नाही ही तुझी तक्रार खरी आहे. माझ्या मते तू अजून सोलोवाल्याच्या खुर्चीवर बसून वाजवतेस. त्या तिघांबरोबर असताना मी चौथा रीड (त्यांच्यासारखं पातीचं फुंकवाद्य) आहे असं धरून चाल.

आधी स्वराची सुरुवात बघ. सॅक्सवाला जिभेनं स्वर सोडतो आणि मग फुंकरीनं हवा तितका वेळ तो भरलेला ठेवतो. तुझी तार नखी लागते त्या क्षणी सगळ्यात मोठी असते, नंतर उतरतच जाते. म्हणून तुझा प्रत्येक स्वर आधी टोचतो आणि मग मागे पडतो. व्हॉल्यूम पेडल निम्म्यावर ठेवून छेड आणि तार विझत जाईल तसतसं उघडत जा. लांब स्वराला तर पेडल बंद असतानाच छेडायचं, मग उघडायचं; नखीचा टक् ऐकूच येत नाही. जलद जागांना हे करत बसू नकोस, तिथे तो टक् उपयोगी पडतो.

घसीट कमी कर. हवाईयन गिटार म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना रडवेपणाच हवा असतो, आणि वाजवणारेही तो पुरवत आलेत. सॅक्स ठोक्यावर स्वर धरतो आणि तू खालून सरकत अर्ध्या मात्रेनं पोचतेस. तेवढा वेळ दोघंही बेसूर वाटता. सरकायचंच असेल तर आधी निघ आणि ठोक्याला पोच. एकच धून दोघं मिळून वाजवत असाल तिथे बार (तारांवर सरकवायची पोलादी कांडी) अजिबात थरथरवू नकोस. सॅक्सचा व्हायब्रेटो, म्हणजे स्वराचं कंपन, जबड्यानं होतो, तो बहुतेक स्वराच्या खाली जाऊन परत येतो. तुझा बार दोन्ही बाजूंना हलतो. दोन्ही एकदम सुरू झाले की स्वर नेमका कुठे आहे ते कुणालाच कळत नाही.

क्लॅरिनेटशी जुळायला एक गंमत सांगतो. त्याची नळी सरळ आणि एका टोकाला बंद धरल्यासारखी, म्हणून खालच्या सप्तकात विषम उपस्वरच (मूळ स्वराबरोबर वाजणारे वरचे बारीक स्वर, त्यातले विषम क्रमांकाचे) जोरात वाजतात. तार तिच्या बरोबर मध्यावर छेडली की सम उपस्वर उठत नाहीत, आणि तुझाही आवाज तसाच पोकळ, लाकडी होतो. बार पाचव्या पडद्यावर असेल तर मध्य सतराव्यावर येतो. बार सरकला की उजवा हातही सरकवायचा, ही सवय लागायला वेळ जातो. सॅक्सची नळी शंकूसारखी, तिच्यात सगळे उपस्वर असतात. त्याच्याबरोबर असताना छेडायला ब्रिजकडे (घोडीकडे) ये.

आता कॉर्ड. तुझी जुळणी सी-सिक्स्थ, म्हणजे सी, ई, जी, ए. आल्टो ई धरतोय, टेनर खाली जी धरतोय आणि तू वरून सहाही तारा ओढतेस. कशाला? सी आणि ए एवढ्याच दे. कॉर्ड पुरी होते आणि रीड चार झाल्यासारखे वाटतात. हे जुनंच आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या तल्सामध्ये बॉब विल्सच्या बँडात लिऑन मॅकऑलिफ सॅक्स-ट्रंपेटच्या शेजारी बसून स्टील वाजवायचा. अल्व्हिनो रे तर स्टील वाजवत अख्खा बिग बँड चालवायचा. बडी एमन्सनं १९६३ मध्ये जेरोम रिचर्डसनच्या सॅक्सबरोबर केलेली जॅझची रेकॉर्ड मिळवून ऐक. पेडल स्टीलचा (पायानं तारांचे सूर बदलता येणाऱ्या स्टील गिटारचा) एवढा मोठा वादक, तोही सॅक्सला जागा देतो. बासरी जोडीला हवी असेल तेव्हा १९६७ ची ब्रिजभूषण काबरा (गिटार), हरिप्रसाद चौरसिया (बासरी) आणि शिवकुमार शर्मा (संतूर) यांची रेकॉर्ड ऐक. तिथे मींड हवीच, कारण ती गिटार आणि बासरी दोघांच्याही घरची आहे.

पट्टीचं मात्र मनावर घे. आल्टोवाल्याचा कागदावरचा सी म्हणजे ऐकताना पेटीवरची आपली काळी दोन. टेनर आणि नेहमीच्या क्लॅरिनेटचा काळी पाच. गायिकेनं सफेद तीन सांगितली की आल्टोला सात शार्पांत (सात चढ्या स्वरांच्या पट्टीत) वाजवावं लागतं, टेनरला सहांत. तिला विनंती करून सफेद चारवर आणलंस तर आल्टोला दोन शार्प, टेनरला एक. तुला काय, बार एक पडदा पुढे सरकवला की झालं. एवढं केलंस तर ते लोक तुला चहा पाजतील.

आणि एसी. हवा एक अंशानं तापली की फुंकवाद्याचा सूर कागदावर सुमारे ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढतो. तुझी पोलादी तार तापली की उतरते. हॉल गार पडला की तुम्ही उलट दिशांना जाता, मग ट्यूनरवर मिळवलेलं काय कामाचं? त्यांना पाच मिनिटं फुंकून वाद्यं गरम करू दे, मग आल्टोच्या सुराला मिळव. ई ची तार दुसऱ्या तारेबरोबर वाजवून, दोन सुरांतली थरथर विरेपर्यंत उतरव; ट्यूनर सुमारे १४ सेंट कमी दाखवेल, दाखवू दे. चांगले रीडवाले कॉर्डमधला गंधार (इथे ई) कानानं तिथेच नेतात. कीबोर्ड घेतलात तर मात्र पंचाईत, त्याचा ई हलत नाही; तेव्हा तुझा ई अर्ध्यावर आण.

रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) निम्मा कर. पुढच्या तालमीला ते तिघं श्वास कुठे घेतात ते तुझ्या नोटेशनवर स्वल्पविराम देऊन मांडून घे आणि त्या जागी तूही बार उचल. उचलताना मागची बोटं तारांवरच राहू देत, नाहीतर खडखड येते.

कळावे.