दहशतवादविरोधी कामात जायचंय, पण आधी शिकायचं काय?

प्रश्न : माझी मुलगी राज्यशास्त्र घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहशतवाद रोखण्यासाठी देशादेशांमध्ये जे सहकार्य चालतं, त्या क्षेत्रात तिला काम करायचं आहे. परदेशात 'दहशतवादविरोधी अभ्यास' या विषयात एम.ए. करता येतं आणि तेच करायचं, असा तिचा हट्ट आहे. तिचे बाबा म्हणतात, आधी कायदा कर. मला तर हे क्षेत्रच धोक्याचं वाटतं. तिचं गणित बेताचं, भाषा मात्र उत्तम. फ्रेंच चांगलं येतं. काय करावं?

ताई, सप्रेम नमस्कार.

धोक्याचं शेवटी बोलू. आधी अभ्यासाचं, कारण त्याचा निर्णय तुम्हाला लवकर घ्यायचा आहे. माझं मत बाबांच्या बाजूने आहे. तिने पदवीनंतर कायद्याला जावं, फ्रेंच अजिबात सोडू नये आणि ते एम.ए. चार-पाच वर्षं नोकरी करून झाल्यावर करावं, तेव्हाही करावंसं वाटलं तर. असं का म्हणते, ते या कामाचं रोजचं स्वरूप पाहिलं की लक्षात येईल.

वेबसिरीजमध्ये दोन देशांचे अधिकारी खांद्याला खांदा लावून दारं तोडतात. प्रत्यक्षात एका देशाच्या पोलिसाला परवानगीशिवाय दुसऱ्या देशात जाऊन साधा जबाबही नोंदवता येत नाही. समजा, स्फोट एका देशात झाला, संशयित दुसऱ्या देशात आहे, पैसे तिसऱ्या देशातल्या खात्यातून फिरले आणि निरोपांची देवाणघेवाण चौथ्या देशातल्या सर्व्हरवर पडून आहे. मग उरलेल्या तिन्ही देशांकडे लेखी विनंती पाठवावी लागते. खटला टिकतो की पडतो, ते बरंचसं या कागदावर ठरतं.

अशा विनंतीत काय असतं? सुरुवातीला हकीकत: काय घडलं, कधी, संशय कोणावर आणि कशावरून. मग लागू होणारी कलमं, मूळ मजकुरासकट, कारण समोरचा वकील ती बहुधा पहिल्यांदाच वाचत असतो. त्यानंतर नेमकी मागणी: अमुक खात्याचे या तारखेपासून त्या तारखेपर्यंतचे व्यवहार, बँकेच्या दाखल्यासह, आणि तो दाखला मागणाऱ्या देशाच्या न्यायालयात ग्राह्य धरला जाईल अशाच नमुन्यात हवा. संशयिताचं नाव अरबी असेल तर रोमन लिपीत ते तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. त्या सगळ्या तऱ्हा द्यायच्या, सोबत जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक. त्यातही ०३/०४ म्हणजे कुठे ३ एप्रिल, तर कुठे ४ मार्च! 'खात्याची सगळी माहिती द्यावी' असं मोघम लिहिलं, की 'कशासाठी हवी ते स्पष्ट करा' असं उत्तर येतं आणि त्यात महिने निघून जातात. तोवर सर्व्हरवरचा डेटा पुसला जाऊ नये म्हणून 'आहे ते जपून ठेवा' अशी वेगळी विनंती आधीच धाडलेली बरी.

आरोपीलाच मागायचं असेल, तर प्रश्न आणखी वाढतात. हे कृत्य आमच्या कायद्यातही गुन्हा आहे का? ज्या गुन्ह्यासाठी मागताय, त्याच गुन्ह्याचा खटला चालवाल ना? त्याचा छळ तर होणार नाही? फाशी देणार नाही याची हमी देता का? हे प्रश्न नुसते उपचार नाहीत. १९८९ च्या सोअरिंग खटल्यात युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ब्रिटनला अडवलं होतं. सोअरिंग हा दहशतवादाचा नव्हे, खुनाचा आरोपी होता आणि अमेरिकेला हवा होता. त्याच्यावर मृत्युदंडाचा खटला चालणार नाही अशी हमी मिळाल्यावरच त्याला सोपवण्यात आलं. अशी हमी कोणत्या शब्दांत घ्यायची आणि द्यायची, हे ठरवायला कायदा यावा लागतो. मुलीला हे समजावून सांगा. हट्टाला उत्तर म्हणून नुसतं 'बाबा म्हणतात म्हणून' पुरणार नाही.

या क्षेत्रातली आणखी एक गंमत तिला राज्यशास्त्रामुळे लगेच कळेल. दहशतवादाची सर्व देशांना मान्य अशी व्याख्या अजूनही नाही. प्रयत्न जुने आहेत. १९३४ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय इथे युगोस्लाव्हियाचे राजे अलेक्झांडर यांची हत्या झाली, त्यानंतर राष्ट्रसंघाने (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) १९३७ मध्ये एक करार तयार केला. तो कधी अमलातच आला नाही. संयुक्त राष्ट्रांमध्ये १९९६ पासून सर्वंकष कराराची चर्चा चालू आहे आणि गाडी व्याख्येवरच अडली आहे. मुक्तिलढा कशाला म्हणायचं आणि सैन्याच्या कृतींचं काय, यावर एकमत होत नाही. मग देशांनी व्यवहारी वाट काढली. संपूर्ण दहशतवादाची व्याख्या करत बसण्यापेक्षा एकेक कृत्य धरून करार केले: विमान पळवणं, ओलीस ठेवणं, बॉम्बस्फोट, पैसा पुरवणं, अण्वस्त्रांशी संबंधित कृत्यं. १९७० च्या हेग कराराने विमान अपहरणाबाबत जो नियम घातला, तो पुढच्या बहुतेक करारांमध्ये आला: आरोपी तुमच्या हद्दीत सापडला, तर मागणाऱ्याला सोपवा, नाहीतर स्वतः खटल्यासाठी पुढे पाठवा. बॉम्बस्फोटांविषयीच्या १९९७ च्या कराराने 'हा राजकीय गुन्हा आहे' ही सबबही काढून घेतली.

कागदावर नियम सोपा वाटतो. लॉकर्बीच्या खटल्यात तो कसा वाकला ते तिने जरूर वाचावं. २१ डिसेंबर १९८८ रोजी पॅन ॲम या अमेरिकी कंपनीचं विमान स्कॉटलंडमधल्या लॉकर्बी गावावर बॉम्बस्फोटाने फुटलं. विमानातले २५९ आणि जमिनीवरचे ११, असे २७० जण गेले. अवशेष मैलोन्‌मैल विखुरले होते. त्यांतल्या एका जळक्या कपड्यात नखाएवढा सर्किट बोर्डाचा तुकडा सापडला. तपास करणाऱ्यांनी त्याचा माग स्वित्झर्लंडमधल्या टायमर बनवणाऱ्या कंपनीपर्यंत काढला, कपड्यांचा माग माल्टातल्या दुकानापर्यंत गेला आणि संशय लिबियाच्या दोन नागरिकांवर आला. अमेरिका आणि ब्रिटन म्हणाले, आरोपी द्या. लिबिया म्हणाला, विमानांवरच्या हल्ल्यांविषयीचा १९७१ चा माँट्रियल करार वाचा. आमच्या माणसांवर खटला आम्हीच चालवू. कराराचा शब्द पाहिला तर हे म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने निर्बंध लादले आणि अखेर १९९९ मध्ये आरोपी स्वाधीन झाले, पण स्कॉटलंडमध्ये नाही. नेदरलँड्समधल्या कँप झाइस्ट इथे स्कॉटिश न्यायाधीशांनी, स्कॉटिश कायद्याने, ज्युरीशिवाय खटला चालवला. ३१ जानेवारी २००१ रोजी एक दोषी ठरला, दुसरा सुटला. पुराव्यावरून आजही वाद आहेत.

आता या गोष्टीतली माणसं मोजा: तुकडा ओळखणारा तंत्रज्ञ, दुकानदाराचा जबाब घेणारा पोलीस, करारातला एकेक शब्द पिंजणारे वकील, तिसऱ्या देशाच्या भूमीवर आपलं न्यायालय भरवण्याचा करार लिहिणारे मुत्सद्दी, इंग्रजी आणि अरबीच्या मध्ये बसलेले दुभाषी. यात 'दहशतवादतज्ज्ञ' म्हणून कुणालाच कामावर घ्यायची गरज पडली नव्हती. प्रत्येकाच्या हातात आधी एक धंदा होता. तुमच्या मुलीने तो धंदा निवडायचा आहे आणि तिचा कल बघता तो कायदा आणि भाषा यांच्या जोडीचा असावा.

गणिताची भीती असेल, तर आर्थिक तपासाची वाट तिच्यासाठी नाही असं लगेच ठरवू नका. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर अवघ्या काही दिवसांत, २८ सप्टेंबर २००१ रोजी, सुरक्षा परिषदेने १३७३ क्रमांकाचा ठराव केला. दहशतवादाला पैसा पुरवणं हा गुन्हा ठरवा, अशा लोकांची मालमत्ता विनाविलंब गोठवा, हे त्याने सर्व देशांवर बंधनकारक केलं. पॅरिसमधली एफएटीएफ (फायनान्शियल ॲक्शन टास्क फोर्स) ही काळ्या पैशावर आणि दहशतवादाच्या पैशावर नजर ठेवणारी संस्था कोणता देश हे कितपत पाळतो ते तपासते. कमी पडणाऱ्या देशांच्या तिच्या 'ग्रे लिस्ट'च्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. या कामात बेरीज-वजाबाकीपेक्षा चिकाटी जास्त लागते. संशयास्पद रकमा कित्येकदा इतक्या लहान असतात की आकड्यावरून काहीच कळत नाही. कोण कोणाला, कधी आणि कशाच्या नावाखाली पाठवतो, त्यावरून कळतं.

इंटरपोलबद्दल तिचा गैरसमज असेल, बहुतेकांचा असतो. फ्रान्समधल्या लिऑनमध्ये मुख्यालय असलेल्या या पोलीस-सहकार्य संघटनेचे १९६ सदस्य देश आहेत, पण तिचे स्वतःचे अटक करणारे पोलीस नाहीत. रेड नोटीस, म्हणजे हव्या असलेल्या माणसाला शोधून ताब्यात घ्या अशी सदस्य देशांना केलेली विनंती, हे आंतरराष्ट्रीय वॉरंट नव्हे. तिच्यावरून अटक करायची की नाही, हे त्या त्या देशाचा कायदा ठरवतो. शिवाय राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या प्रकरणात हात घालायला इंटरपोलच्या घटनेनेच मनाई केली आहे. त्यामुळे आलेली विनंती खरोखर दहशतवादाची आहे, की एखादं सरकार परदेशी पळालेल्या विरोधकाच्या मागे लागलं आहे, हे तपासायलाही माणसं लागतात.

हा मुद्दा मी मुद्दाम काढला. या क्षेत्रात आरोपीच्या बाजूने उभं राहणारे वकीलही तितकेच आत असतात. सुरक्षा परिषदेच्या यादीत नाव आल्यामुळे मालमत्ता गोठवल्या गेलेल्या कादी या सौदी उद्योजकाच्या प्रकरणात युरोपियन युनियनच्या न्यायालयाने २००८ मध्ये म्हटलं की त्यांना बाजू मांडायची संधीच मिळाली नाही. पुढच्या वर्षी, अल-कायदाशी संबंधित त्या यादीतून नाव काढण्याचे अर्ज तपासायला स्वतंत्र लोकपालाचं पद निर्माण झालं. तिला कोणत्या बाजूला उभं राहायचं आहे, हे आत्ताच ठरवायची गरज नाही. कायदा शिकली तर दोन्ही दारं उघडी राहतात.

वाटेचं सांगते. या आंतरराष्ट्रीय संस्थांमध्ये बरीच माणसं आपापल्या देशाच्या पोलीस, वकिली किंवा परराष्ट्र सेवेतून काही वर्षांसाठी येतात. म्हणून आधी आपल्याच देशाच्या सेवेत किंवा फौजदारी वकिलीत शिरणं, हा आडवळणाचा वाटला तरी खात्रीचा रस्ता. संयुक्त राष्ट्रांची 'यंग प्रोफेशनल्स' परीक्षा ३२ वर्षांपर्यंत देता येते, पण त्या वर्षीच्या यादीत आपला देश आणि आपला विषय दोन्ही असावे लागतात, तेव्हा तिच्या भरवशावर आयुष्य आखू नये. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते आणि राहण्याखाण्याचा खर्च आपला, हेही घरात आधी बोलून घ्या. फ्रेंचचा आग्रह एवढ्यासाठी की संयुक्त राष्ट्रांचं सचिवालय, इंटरपोल आणि एफएटीएफ, तिन्हीकडे ती कामकाजाची भाषा आहे. तिने कायद्याचा मजकूर फ्रेंचमधून वाचायची सवय लावावी. नुसतं संभाषण पुरणार नाही.

आता धोका. प्रत्यक्ष कारवाईत जाणाऱ्यांना तो असतो, टेबलावर बसणाऱ्यांना फार कमी. टेबलावरचा त्रास वेगळा. जखमींचे जबाब आणि हल्ल्यांची चित्रफीत पुन्हा पुन्हा बघावी लागते, आणि घरी येऊन तुम्हालाही त्यातलं काही सांगता येत नाही. पुष्कळ चांगली माणसं याच कारणाने बाहेर पडतात. तिच्या स्वभावाचा विचार करताना हे लक्षात घ्या. पिस्तूल-बॉम्ब डोक्यातून काढून टाका.

एक काम मात्र तिला याच आठवड्यात द्या. १३७३ चा ठराव मोजक्या पानांचा आहे आणि मोफत मिळतो. तो इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये शेजारी ठेवून वाचायचा आणि प्रत्येक कलमासमोर लिहायचं की हे प्रत्यक्षात कोण करणार: बँक, विमानतळ, न्यायालय की पोलीस. पहिल्या पानावरच जांभया यायला लागल्या, तर मला पुन्हा लिहा. मग पत्रकारितेचा किंवा अध्यापनाचा विचार करू. विषयाची ओढ तिथेही वाया जाणार नाही.