पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिडसाठी एसईसी कॉलम: पट्टा किती रुंद घ्यावा?

आपल्या पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिडच्या (पीएलए) नमुन्यांचा रेणुभार 5,000 ते 2,00,000 च्या दरम्यान आहे, तेव्हा एसईसीसाठी (साइज एक्सक्लूजन क्रोमॅटोग्राफी, म्हणजे रेणूंना आकारानुसार वेगळे करण्याची पद्धत) 4,00,000 रेणुभारापर्यंतच्या पट्ट्याचा मिक्स्ड-बेड (निरनिराळ्या छिद्राकारांचे कण एकत्र भरलेला) कॉलम पुरेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तो अपुरा पडेल.

कॉलमच्या माहितीपत्रकातली मर्यादा बहुधा पॉलिस्टायरीन या प्रमाण बहुलकाच्या भाषेत दिलेली असते, आणि कॉलम रेणूंना वजनानुसार वेगळे करत नाही, तर द्रावणात ते किती जागा व्यापतात त्यानुसार करतो. टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) या द्रावकात पीएलएचा पॉलिस्टायरीन-सापेक्ष रेणुभार खऱ्या आकड्यात आणण्यासाठी त्याला 0.58 ने गुणण्याचा प्रघात आहे. म्हणजे आपले 2,00,000 खरे असतील, तर कॉलमच्या दृष्टीने ते सुमारे 3,45,000 होतात; शिवाय 2,00,000 ही सरासरी असेल, तर वितरणाचे जड टोक त्याच्याही बरेच पुढे जाते. ते टोक मर्यादेबाहेर गेले की सगळे मोठे रेणू एकत्रच बाहेर पडतात आणि पीकची (आलेखातल्या शिखराची) पुढची बाजू अचानक उभी चढते. म्हणून 20,00,000 पर्यंतचे, 5 मायक्रॉन कणांचे, 300 मिमी लांबीचे दोन कॉलम जोडून घ्यावेत. त्याहून रुंद, म्हणजे 1,00,00,000 पर्यंतचा पट्टा मात्र घेऊ नये, कारण आपल्याकडे नसलेल्याच रेणूंवर त्याची बरीचशी छिद्रे खर्ची पडतात.

प्रत्येकात एकच छिद्राकार असलेले निरनिराळे कॉलम जोडण्याच्या फंदात पडू नये, असे मी अनुभवाने सांगतो. आमच्या प्रयोगशाळेत तसे तीन कॉलम जोडल्यावर प्रत्येक पीकला खांदा (बाजूला चिकटलेला फुगवटा) दिसू लागला आणि आम्ही कित्येक दिवस संश्लेषणातच दोष शोधत राहिलो. मिक्स्ड-बेड कॉलम लावताच तो खांदा नाहीसा झाला. छिद्राकारांचा मेळच बसलेला नव्हता.

द्रावकाचा निर्णय मात्र खरेदीआधीच घ्यावा. एल-लॅक्टाइडचे (पीएलए ज्यापासून बनतो त्या घटकाच्या एका रूपाचे) प्रमाण जास्त असलेला स्फटिकी पीएलए टीएचएफमध्ये नीट विरघळत नाही. कुपी उजेडासमोर धरून पाहावी; जराही गढूळपणा दिसला, तर 0.45 मायक्रॉनचा फिल्टर न विरघळलेला भाग अडवतो आणि आपण उरलेल्याच नमुन्याचे मोजमाप करतो. अशा वेळी क्लोरोफॉर्म वापरावा. स्टायरीन-डायव्हिनाइलबेंझीनचे कॉलम दोन्ही द्रावकांत चालतात, परंतु क्लोरोफॉर्ममध्ये पीएलएचा अपवर्तनांक-डिटेक्टरवरील संकेत बराच क्षीण येतो आणि वरचा 0.58 हा गुणक तिथे तसाच लावता येत नाही. द्रावक बदलताना प्रवाह अगदी कमी ठेवावा.