खाचरात पाणी सतत हवंच का?

प्रश्न : भाताला सतत पाणी लागतं असंच ऐकत आलोय. मधे खाचर सुकू दिलं तर पीक हातचं जाईल का?

उत्तर : नाही जाणार, पण सुकू कधी द्यायचं ते कळायला हवं. भाताला पाण्यात उभं राहणं सोसतं, कारण त्याच्या मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. सोसतं म्हणजे गरज आहे असं नव्हे. साचलेल्या पाण्याचा खरा उपयोग तण दाबायला होतो, म्हणून लावणीनंतरचे पहिले दोन आठवडे पाणी ठेवाच.

पुढे जमिनीखाली पाणी किती खोल गेलंय ते बघायला आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सुचवलेली नळी वापरा. मी स्वतः तीच वापरतो. ३० सें.मी. लांबीचा प्लास्टिक पाइप घ्यायचा, खालच्या अर्ध्या भागाला सगळीकडून भोकं पाडायची आणि तो भाग जमिनीत रोवायचा. आतली माती मात्र हाताने खरवडून काढा. ती राहिली तर पाणी दिसतच नाही. वरची माती भेगाळलेली असते, आणि नळीत डोकावलं की खाली पाणी चमकतं! मुळं तिथवर पोचलेली असतात. पातळी जमिनीखाली १५ सें.मी. गेली की पुन्हा ५ सें.मी. पाणी भरा.

फुलोऱ्याच्या आधी आणि नंतर एकेक आठवडा मात्र ताण अजिबात नको, दाणे पोचट राहतात. पाण्याची बचत ३० टक्क्यांपर्यंत होते. शिवाय मातीत हवा शिरल्याने मिथेन वायूही बराच कमी सुटतो.

पहिल्या वर्षी एकाच खाचरात करून बघा, सपाट असेल त्या.