कॅप दिवाळीच्या बोनसवर ढकलावी का?

प्रश्न: खालच्या दाढेचं रूट कॅनाल करायचं आहे. त्याचे ६,००० आणि झिरकोनिया कॅपचे १०,००० सांगितलेत. रूट कॅनाल आता करून कॅप पाच महिन्यांनी, दिवाळीच्या बोनसवर बसवू का? ५०,००० ची एफडी आहे, पण मोडवत नाही. आई म्हणते, दीड हजारात दाढ काढून मोकळी हो.

उत्तर: कॅप ढकलू नका. तुमची दाढ आधी किडीने पोखरली, मग उपचारासाठी आणखी कोरली जाणार. चावण्याचा सगळा जोर दाढांवर. कॅपशिवाय ती तडकू शकते. तडा मुळात उतरला की दाढ काढावीच लागते आणि ६,००० बुडीत खाती जातात. कॅप बसेपर्यंत दाढेत भरलेलं तात्पुरतं सिमेंट झिजलं, तर लाळेतले जंतू आत शिरतात. मग पुन्हा रूट कॅनाल: खर्च जास्त, यशाची शक्यता पहिल्यापेक्षा कमी.

वाचवायचंच तर कॅपच्या प्रकारात वाचवा. मागची दाढ कोण बघतंय? मेटल किंवा मेटल-सिरॅमिक चालेल का, ते डॉक्टरांना विचारा.

एफडी मुदतीआधी मोडली तर बँका सहसा व्याजदरातून अर्धा ते एक टक्का कापतात. वर्षभराच्या ५०,००० वर एक टक्का म्हणजे ५०० रुपये. एवढ्यासाठी १६,००० चं काम अर्धवट ठेवायचं? क्रेडिट कार्डवर मात्र थकवू नका. तिथे महिन्यालाच तीन-साडेतीन टक्के लागतात. साध्या मेडिक्लेममध्ये हा खर्च बहुधा बसत नाही. ऑफिसच्या पॉलिसीत ओपीडी असेल तर बघा.

आईंच्या दीड हजारात पुढे त्या जागी कृत्रिम दात बसवायचा खर्च (ब्रिज किंवा इम्प्लांट) धरलेला नाही. तरी एका बाबतीत त्यांचं बरोबर ठरू शकतं. हिरडीच्या वर निरोगी दाताची दोनेक मिलिमीटर भिंत उरली नसेल, तर कॅप धरणार कशाला? तिथे पैसे घालायला मीही सांगणार नाही. म्हणून ॲडव्हान्स देण्याआधी हे विचारा. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळी सावली आहे का, हेही विचारा; असेल तर यशाचं प्रमाण घटतं, पण तेवढ्यावरून दाढ काढायची नसते. मधुमेह असेल तर आधीच सांगा.

आणि काम करताना रबर डॅम, म्हणजे दाढेभोवती ताणलेला रबराचा पातळ पडदा, लावतात का? त्याने लाळ दाढेत जात नाही. नाही म्हणाले, तर दुसरीकडे चौकशी करा, भले हजार-दोन हजार जास्त पडोत.