मोठं मैदान, छोटी पोरं: फुटबॉलवरच्या प्रश्नांना उत्तरं

भारताच्या पुरुष फुटबॉल संघाबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: एकशे चाळीस कोटींचा देश सिंगापूर आणि बांगलादेशकडून हरतो. प्रशिक्षक बदलतात, निकाल तेच राहतात. दोष नेमका कुणाचा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: तुमचा संताप रास्त आहे. मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीत आपण अफगाणिस्तानकडून १-२ हरलो. जून २०२५ मध्ये हाँगकाँगकडून ०-१. ऑक्टोबरमध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने २-१ हरवलं आणि २०२७ च्या आशिया चषकाचं दार बंद झालं. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशकडून ०-१. या काळात प्रशिक्षक इगोर स्टिमाच गेले, मानोलो मार्केझ आले आणि गेले, मग खालिद जमील आले.

राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या हाती खेळाडू वर्षाकाठी काही आठवडेच लागतात. तेवढ्या वेळात तो बचावाची रचना बसवेल, कॉर्नर घोटून घेईल. पण चेंडू पायाशी येण्याआधी मान वळवून मागे बघायची सवय चोविसाव्या वर्षी लावता येत नाही. ती नवव्या-दहाव्या वर्षी लागते, आणि तीही खऱ्या सामन्यांतच.

म्हणून डोकी मोजण्यात अर्थ नाही, मुलांच्या वाट्याला आलेले सामने मोजायला हवेत. आपल्या शालेय स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीने होतात. ६४ शाळा उतरल्या तर ३२ संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी जातात, आणखी १६ दुसऱ्यानंतर. म्हणजे ४८ शाळांतल्या मुलांची स्पर्धा एक-दोन सामन्यांत आटोपते. त्याच ६४ शाळांचे आठ-आठचे गट पाडून साखळी खेळवली तर प्रत्येक संघाला सात सामने मिळतात. आयोजकांना ६३ ऐवजी २२४ सामने भरवावे लागतील, हे खरं. पण मैदान छोटं केलं की ते जमतं; कसं ते पुढच्या उत्तरात आहे.

उझबेकिस्तानकडे बघा. लोकसंख्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही कमी. २०२३ मध्ये वीस वर्षांखालचा आशिया चषक, २०२४ मध्ये ऑलिंपिक प्रवेश, २०२५ मध्ये सतरा वर्षांखालचा आशिया चषक आणि त्याच वर्षी मुख्य संघाची २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्रता. खालच्या वयोगटातलं यश पायरीपायरीने वर चढलं. आपल्याकडे २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकासाठी एक तुकडी निवडून जपली, पण तिच्या मागोमाग तशीच दुसरी तुकडी उभी राहिली नाही. एरवी फुटबॉल या मातीला परका नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसूझांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली होती, आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आपण दक्षिण कोरियाला हरवून सुवर्ण घेतलं होतं.

प्रश्न: आमच्या तालमीच्या मैदानावर रोज संध्याकाळी ९ ते १२ वर्षांची चाळीस मुलं येतात. दोघे प्रशिक्षक, एकच मैदान, बारा चेंडू. सराव कसा घ्यावा? (एक कार्यकर्ता, कोल्हापूर)

उत्तर: सगळ्यात आधी रांग मोडा. चाळीस मुलं एका रांगेत उभी करून एकेकाला गोलवर फटका मारायला लावलात आणि प्रत्येकाने आठ सेकंद घेतले, तरी आपली पाळी परत यायला पाच मिनिटांहून जास्त लागतात. पंधरा मिनिटांत जेमतेम तीन फटके. उरलेला वेळ मूल रांगेत ढकलाढकली करतं, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

मैदान १०० बाय ६४ मीटरचं असेल तर त्यात ३७ बाय २७ मीटरची चार छोटी मैदानं आरामात बसतात. खुणेला चुना किंवा प्लॅस्टिकचे कोन चालतील. प्रत्येक मैदानावर पाच विरुद्ध पाच, म्हणजे चाळीसच्या चाळीस पोरं एकाच वेळी खेळात. हाच जुगाड स्पर्धेलाही करा: एका वेळी एक नव्हे, चार सामने चालतात. अकरा-बारा वर्षांच्यांना सात विरुद्ध सात खेळवायचं असेल तर ५५ बाय ३७ ची दोन मैदानं आडवी आखा.

गोल ३.६६ मीटर रुंद आणि १.८३ मीटर उंच ठेवा. बांबूचे उभारले तरी चालतील, फक्त जमिनीत घट्ट रोवा. मोठ्या गोलाची आडवी दांडी २.४४ मीटरवर असते आणि दहा वर्षांच्या गोलकीपरचा हात तिथवर पोचतच नाही. त्याच्या डोक्यावरून उडवलेला कुठलाही चेंडू आत जातो, आणि मुलं नेमकं तेच शिकतात: लांबून उंच उडवायचं. पुढे हीच पोरं सोळाव्या वर्षी पूर्ण वाढलेल्या गोलकीपरसमोर आली की त्यांच्याकडे दुसरं काही नसतं. चेंडूही चार नंबरचा घ्या, ३५० ते ३९० ग्रॅमचा. मोठ्यांचा पाच नंबरचा ४५० ग्रॅमपर्यंत भरतो.

तासाहून थोडा जास्त, समजा सत्तर मिनिटांचा सराव धरा. पहिली पंधरा मिनिटं तिघा-चौघांत एक चेंडू: दोघं पास देतात, मधला चेंडू घेऊन वळतो. मधल्याच्या पाठीमागच्या मुलाने बोटं वर करायची. चेंडू येण्याआधी मधल्याने मान वळवून आकडा सांगायचा. पुढची पंधरा मिनिटं दोघांविरुद्ध दोघं, साधारण १५ बाय १० मीटरच्या चौकटीत, एका मिनिटाचा डाव आणि मग तेवढीच विश्रांती. बाकीची चाळीस मिनिटं पाच विरुद्ध पाच. दर दहा मिनिटांनी प्रत्येक मैदानावरचा एकच संघ पुढच्या मैदानावर सरकवा म्हणजे प्रतिस्पर्धी बदलतात.

एक नियम आवर्जून लावा. गोलकीपर चेंडू खेळात आणताना समोरच्या संघाने अर्ध्या मैदानापर्यंत मागे जायचं, पहिला पास पोचेपर्यंत. नाहीतर मागच्या मुलाला दबावाखाली एकच सुचतं, लाथाडून द्यायचं. आणि रेषेबाहेरून "मार! मोठा मार!" ओरडणाऱ्या मंडळींना हात जोडून गप्प करा. पेठेच्या फुटबॉलवर त्यांचं प्रेम आहे, यात शंका नाही. पण त्या आरोळीने मुलाचं बघणं आणि ठरवणं दोन्ही थांबतं. सुरुवातीला मागून पास देताना गोल खाल्ले जातील. दोन-तीन महिने ते सोसा.

प्रश्न: सुनील छेत्रीनंतर आपल्याकडे एकही स्ट्रायकर का नाही? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: क्लब स्ट्रायकर (गोल करणारा सगळ्यात पुढचा खेळाडू) बाहेरून आणतात, म्हणून. इंडियन सुपर लीगमध्ये मैदानावर एका वेळी चार परदेशी खेळाडूंना मुभा होती. क्लबने हे चौघे साहजिकच संघाच्या कण्यात वापरले: सेंटर बॅक (मधला बचावपटू), मधली फळी, स्ट्रायकर. भारतीय मुलांच्या वाट्याला कडेच्या जागा, म्हणजे विंग आणि फुलबॅक, आल्या. राष्ट्रीय संघाला मग विंगर ढीगभर मिळतात, नऊ नंबर, म्हणजे स्ट्रायकर, मिळत नाही. २०२४ च्या जानेवारीत कतारमध्ये आशिया चषकाचे तिन्ही सामने आपण एकही गोल न करता हरलो, आणि २०२५ च्या मार्चमध्ये निवृत्त छेत्रीला चाळिसाव्या वर्षी परत बोलवावं लागलं.

अठरा ते एकवीस या वयात मुलाला वर्षाला किमान वीस पूर्ण सामने, म्हणजे १८०० मिनिटं मिळायला हवीत. मोठ्या क्लबच्या बाकावर बसण्यापेक्षा खालच्या श्रेणीत नऊ नंबरवर खेळलेलं बरं. क्लबनी अशी मुलं उधारीवर द्यावीत. भारतीय फुटबॉल महासंघाला करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे लांब आणि ठरल्या तारखांचा मोसम. २०२५-२६ चा मोसम व्यावसायिक हक्कांच्या करारावरून लांबला, तेव्हा याच वयाच्या मुलांचे महिने फुकट गेले.

प्रश्न: परदेशातले भारतीय वंशाचे खेळाडू का घेत नाहीत? (एक वाचक, मडगाव)

उत्तर: भारताकडून खेळायला भारतीय नागरिकत्व लागतं आणि आपला कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाही, परदेशस्थ भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. पर्थमध्ये जन्मलेल्या रायन विल्यम्सने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं. गोव्यात तर हा प्रश्न उलटाही आहे: पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट जातो आणि भारताच्या जर्सीवरचा हक्कही. चार-दोन खेळाडू असे आले तर आनंदच आहे. वाट मात्र अरुंद आहे.

प्रश्न: माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, चेंडूवर ताबा छान बसलाय, पण अंगाने लहान. निवड चाचणीत दोनदा वगळला. खेळ थांबवावा का? (एक आई, पुणे)

उत्तर: मुळीच नाही. वयोगट साधारण जन्मवर्षावर ठरतो. डिसेंबरातला मुलगा जानेवारीतल्यापेक्षा जवळपास एका वर्षाने लहान, तरी गट एकच. त्यात काही मुलं बाराव्या वर्षी झपाट्याने वाढतात, काही पंधराव्या. शिवाय वय लपवणाऱ्या खोट्या जन्मदाखल्यांचा रोग आहेच. मनगटाच्या हाडांवरून वय ताडणाऱ्या चाचणीने काही पकडले जातात, तालुक्याच्या स्पर्धेत ती चाचणी कोण करणार?

दर तीन महिन्यांनी त्याची उंची मोजून वहीत तारखेसह लिहा. उंची एकदम वाढू लागली की काही महिने पाय अडखळतील, गुडघ्याखाली किंवा टाचेला दुखेल. तेव्हा उड्या आणि धावणं कमी करा, चेंडूचा सराव चालू ठेवा, दुखणं टिकलं तर डॉक्टरांना दाखवा. क्लब निवडताना दोन गोष्टी विचारा: वर्षाला किती साखळी सामने खेळता, आणि राखीव मुलांना किमान अर्धा सामना मिळतो का. चाचणीच्या वेळी प्रशिक्षकांना ती वही दाखवा, आणि वीस मिनिटांऐवजी दोन-तीन सामन्यांत बघण्याची विनंती करा.