पिल्लांआधी टिटवीकडे बघ

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, टिटवीची चार अंडी सापडली, पिल्लं आता कधीही बाहेर येतील, हे वाचून फार आनंद झाला. अंडी उबायला २८ ते ३० दिवस लागतात, म्हणजे तू अगदी वेळेवर पोचली आहेस.

एक गोष्ट मात्र मनात पक्की धर. पिल्लं आली की नजर आधी आईबापांवर ठेव. तू फार जवळ आलीस की नाही, हे पिल्लू सांगत नाही, टिटवी सांगते. ती स्वस्थ चरत असेल, पिल्लांना पोटाखाली घेत असेल, तर तुझी जागा बरोबर आहे. ती उठून ओरडायला लागली, डोक्यावरून झेपा घालू लागली, तर लगेच मागे हो. ओरडणं जितकं कडक, तितकं पिल्लू तुझ्या पायाशी असण्याची शक्यता जास्त. इशारा ऐकताच ते जिथल्या तिथे दबून बसतं आणि कातळाच्या रंगात असं मिसळतं की चांगल्या नजरेलाही सापडत नाही. अशा वेळी चुकून पाय पडू शकतो. म्हणून आलीस त्याच वाटेने, खाली बघत, सावकाश परत फिर.

अंगावरची लव वाळली की काही तासांतच पिल्लं चालू लागतात. दुसऱ्या दिवशी घरट्याचा खळगा रिकामा दिसला म्हणून कावळ्याने नेली असं लगेच धरू नकोस. सुरुवातीला त्यांच्या पोटात बलकाची शिदोरी असते. पुढे मुंग्या, किडे ती स्वतःच टिपतात. टिटवी चोचीत घास भरवत नाही. तिचं काम वेगळं. एवढ्याशा जिवाला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही आणि तापल्या कातळावरचं ऊनही सोसत नाही. पहाटेच्या गारव्यात किंवा वळवाच्या सरीत ऊब द्यायची, दुपारी सावली द्यायची, हे सगळं आईबापांच्या पोटाखाली चालतं. कडक उन्हात पिल्लांना गारवा द्यायला आईबाप पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतात. तू त्यांना जितका वेळ उठवून ठेवशील, तितका वेळ पिल्लं उघड्यावर राहतात. कुत्रं आलं तर ते दोघे त्याला हुसकावतील, पण माणूस ठाण मांडून बसला तर बिचाऱ्यांचा इलाज चालत नाही. फोटोसाठी तासन्तास खेटून बसणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो.

सगळ्या पाणपक्ष्यांचं असं नसतं. धामापूरच्या तळ्यावर बुड्या मारणारी छोटी टिबुकली दिसली तर तिच्या पाठीकडे नीट बघ, पिसांतून पिल्लाचं पट्ट्यापट्ट्यांचं डोकं वर येईल. कमळपक्ष्यात अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं बापाकडे. धोका वाटला की तो पिल्लांना पंखांखाली घेऊन चालू लागतो. बगळ्यांची पिल्लं मात्र दुबळी जन्मतात आणि कित्येक दिवस घरट्यातच असतात.

एकटं पिल्लू दिसलं तरी उचलू नकोस. आईबाप बहुधा जवळच असतात, तू दूर जाण्याची वाट बघत. वाडीतल्या पोरांनाही हे समजावून सांग. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ प्रमाणे अंडी-पिल्लं उचलणं हा गुन्हा आहे, पण पोरांना तू टिटवीचं वागणं दाखवलंस तर कायदा सांगायची वेळही येणार नाही. जागेचा पत्ता मोबाईलवरून कुणाला पाठवू नकोस. मोबाईलवर टिटवीचा आवाज लावून तिला बोलवायचा प्रकार तर मुळीच नको.

करवंदीच्या जाळीआड, दुर्बीण घेऊन, सकाळी लवकर बस. उभ्या टिटवीच्या पोटाखाली जास्तीचे पाय दिसले की पिल्लं आत आहेत असं समज. ती किती वेळा आत जातात, किती वेळ थांबतात, ऊन आहे की ढग, एवढं वहीत लिहीत जा आणि पहिल्या तीन दिवसांची टिपणं मला पाठव.

तुझा,
काका