वृद्ध आई-वडील आणि लहान मुलीसह जुने इंदूर पायी कसे पाहावे?

आई-वडील आणि नऊ वर्षांची मुलगी बरोबर असताना एका दुपारी जुन्या इंदुरात पायी काय पाहता येईल, असे आपण विचारले आहे. मी इंदूरचाच, आणि पाहुण्यांना फिरवण्याचे काम आमच्या घरी बहुधा माझ्याकडेच येते. होळकरांचा लालबाग महाल या फेरीत धरू नका. तो दूर आहे आणि त्यासाठी वेगळी सकाळ राखून ठेवलेली बरी.

सुरुवात होळकरांच्या जुन्या राजवाड्यापासून करावी, पण लगेच आत शिरू नये. समोरच्या बागेत अहिल्याबाईंच्या पुतळ्यापाशी आई-वडिलांना बसवावे आणि मुलीला वाड्याचे मजले मोजायला सांगावे. सात भरतील: खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. लाकूड म्हटले की आगीचा विषय निघतोच. १९८४ च्या दंगलीत वाड्याचा बराच भाग जळाला आणि आज आत जे दिसते त्यातले पुष्कळसे नव्याने बांधलेले आहे, हे आधी सांगून ठेवले म्हणजे आत गेल्यावर हिरमोड होत नाही. महाराष्ट्रातून येणाऱ्या बहुतेकांना अहिल्याबाई येथेच राहत असे वाटते (माझ्या आत्याने तर त्यांची खोली कोणती, असे पहारेकऱ्यालाच विचारले होते). त्यांनी कारभार पाहिला तो महेश्वरहून, आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली ती इंग्रजांशी झालेल्या १८१८ च्या मंदसौर तहानंतर.

वाड्यालगतचे गोपाळ मंदिर यशवंतराव होळकरांच्या राणी कृष्णाबाई यांनी बांधवले. तेथून रमतगमत कान्ह नदीकाठच्या कृष्णपुरा छत्र्यांकडे (होळकर घराण्यातल्यांच्या स्मारकांकडे) गेलात, की त्याच कृष्णाबाईंची छत्री समोर येते. शेजारी दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांच्या छत्र्या आहेत. नदीकडे फारसे पाहू नये, भिंतींवरचे कोरीव शिपाई आणि वादक मात्र मुलीला सावकाश पाहू द्यावेत. माझ्या मते राजवाड्याहूनही ही जागा सरस आहे, आणि उन्हे कलताना तर विशेषच.

इतवारिया बाजारातले सर हुकुमचंद शेठ यांचे काच मंदिर, म्हणजे आतून काचेने मढवलेले जैन मंदिर, मुलांना आवडते. पाय दुखत असतील तर तेवढ्यासाठी रिक्षा करावी. सराफा मात्र शेवटीच ठेवावा, कारण सोन्याचांदीची दुकाने बंद झाल्यावरच तेथे खाण्याच्या गाड्या लागतात. आई-वडिलांसाठी भुट्ट्याचा कीस उत्तम. गराडू (तळलेला कंद) हवा असेल तर थंडीतच यावे.